ट्रॉफीचं कंत्राट

शाळांच्या संस्थाचालकांमध्ये, पालकसभांमध्ये आणि आम्हा इंजिनिअर मंडळींच्या कँटीनमध्ये सध्या एक मत मोठ्या आत्मविश्वासानं मांडलं जातं. शाळेच्या रोबोटिक्स संघाला फुकट येणारा मार्गदर्शक नको. जो पैसे घेत नाही त्याच्यावर जबाबदारी नसते. तो आज येईल, उद्या येणार नाही. आला तरी मुलांच्या मागे हाताची घडी घालून उभा राहील, आणि संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडेल. त्यापेक्षा एखाद्या एजन्सीला वर्षाचं काम द्यावं. ती किट आणेल, ट्रेनर पाठवेल, रोबो उभा करून देईल, बक्षिसाचीही बऱ्यापैकी हमी घेईल. माहितीपत्रकात फोटो येईल, पालक खूश होतील. आणि ज्या इंजिनिअरला समाजसेवेची एवढी हौस आहे त्यानं रक्तदान करावं, झाडं लावावीत.

हे मत मला साफ अमान्य आहे. त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि त्यानं मुलांचं जे नुकसान होतं ते बक्षीस समारंभात दिसत नाही, म्हणून कोणीतरी ते स्पष्ट सांगायला हवं. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रं जुळवण्यात आणि बिघाड शोधण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. गेली काही वर्षं शनिवारी दुपारी मी एका अनुदानित शाळेच्या संघाबरोबर बसतो. या वादात मी तटस्थ नाही आणि तसा आव आणणारही नाही.

आधी जबाबदारीचा मुद्दा घेऊ. पैसे घेणारा जबाबदार असतो हे मान्य. पण कोणाला जबाबदार? ज्यानं पैसे दिले त्याला. कशाबद्दल? करारात जे लिहिलंय त्याबद्दल. करारात काय असतं? इतकी सत्रं, इतकी किट, अमुक स्पर्धांत सहभाग, आणि तोंडी बोलण्यात 'नंबर'. सातवीतल्या मुलीला स्वतःच्या चुकीचं कारण स्वतः शोधता आलं पाहिजे, असं कलम मी अजून एकाही करारात वाचलेलं नाही. तसं कलम टाकणार तरी कसं? मार्चअखेर ते मोजून बिलाला जोडता येत नाही. मग ट्रेनरनं काय करावं? तो पोटासाठी आलेला तरुण मुलगा असतो, दिवसात दोन-तीन शाळा करतो, निकालाची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर असते. स्पर्धा आठवड्यावर आली आणि रोबो वळणावर रेषा सोडतोय असं दिसलं की तो लॅपटॉप आपल्याकडे ओढतो. मी त्याला दोष देत नाही. त्याला तसं वागायला लावणारी व्यवस्था आपण पैसे मोजून उभी केली आहे.

तिचं फळ आंतरशालेय स्पर्धेच्या कुठल्याही हॉलमध्ये पाहायला मिळतं. टेबलावर देखणा रोबो असतो, तारा रंगानुसार बांधलेल्या, चाकं एका रेषेत. परीक्षक विचारतात, "प्रोग्रॅममध्ये इथे ४५० हा आकडा का घेतलास?" मुलगा सरांकडे बघतो. सर परीक्षकांकडे बघतात. परीक्षक दुसरा प्रश्न विचारतात, मुलगा पुन्हा सरांकडे बघतो. त्या मुलाला वर्षभरात काय शिकवलं गेलं? अडचण आली की मोठ्या माणसाकडे बघायचं, हे शिकवलं गेलं. तेवढं तर त्याला रोबो नसतानाही येत होतं.

आता 'हाताची घडी घालून उभा राहणाऱ्या' मार्गदर्शकाबद्दल. हा आरोप करणाऱ्यांनी एक शनिवार येऊन बसावं.

रेषेवरून चालणारा रोबो हा शाळेतला सगळ्यात प्राथमिक प्रकार. खाली बसवलेला सेन्सर अवरक्त प्रकाश सोडतो. पांढऱ्या कागदावरून तो परत येतो, काळ्या पट्टीत शोषला जातो. आर्डुइनोचा बोर्ड ते वाचन ० ते १०२३ मधल्या एका आकड्यात देतो आणि प्रोग्रॅममध्ये आपण मधली एक मर्यादा ठरवतो: या बाजूला पांढरं, त्या बाजूला काळं. शाळेत ट्यूबलाइटखाली सगळं सुरळीत चालतं. स्पर्धेचा हॉल पश्चिमेकडे खिडक्या असलेला निघतो, दुपारचं ऊन फरशीवर येतं, उन्हात अवरक्त किरण भरपूर असतात, आणि काल शहाण्यासारखा चाललेला रोबो आज वेड्यासारखा गोल फिरतो. ज्यानं कारखान्यात सेन्सर बसवले आहेत त्याला हे कारण पहिल्या मिनिटाला कळतं. आकडा बदलायला त्याला अर्धं मिनिट लागेल.

आमच्या संघाला हा प्रश्न सरावातच भेटला, कारण आम्ही मुद्दाम रोबो व्हरांड्यात नेला होता. मी एवढंच म्हटलं, की रोबो काय बघतोय ते आधी आपण बघू. मग मुलांनी वाचनं पडद्यावर आणली, रोबो हातानं सरकवत वहीत आकडे उतरवले, खोलीतले वेगळे, व्हरांड्यातले वेगळे, ढग आल्यावरचे आणखी वेगळे. त्यावरून भांडण झालं. एकाचं म्हणणं, सेन्सर खराब आहे. दुसरा म्हणाला, बॅटरी उतरलीय. एका मुलीनं सेन्सरवर तळहात धरला आणि आकडा स्थिर झाला. त्यानंतर काळ्या कार्डशीटची झालर रोबोच्या पोटाखाली कशी आली, हे मला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या गटानं वेगळाच मार्ग काढला: सुरुवातीला रोबोला पांढरं आणि काळं दोन्ही दाखवायचं आणि मधला आकडा त्यालाच काढायला लावायचा. बाहेरचा त्रास अडवणं आणि यंत्राला जागेवर जुळवून घ्यायला लावणं, या दोन्ही गोष्टी आम्ही कारखान्यात रोज करतो. मुलं तिथे स्वतः पोचली. त्यांना ४५० कुठून आला असं विचारा, ती वही उघडून दाखवतील.

हे सगळं होत असताना उत्तर माहीत असून गप्प बसणं म्हणजे काहीच न करणं आहे का? मुलं चुकीच्या दिशेनं किती वेळ गेली तर चालेल, कुठल्या टप्प्यावर ती कंटाळून सोडून देतील, कोणता प्रश्न त्यांना पुढे नेईल आणि कोणता प्रश्न म्हणजे आडून दिलेलं उत्तरच, याचा अंदाज सतत घ्यावा लागतो. मोटर सुरू होताच बोर्ड बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर मी मल्टीमीटर त्यांच्या हातात देतो आणि मोटर फिरताना बॅटरीचा दाब मोजायला सांगतो. पण लिथियमच्या बॅटरीच्या दोन टोकांजवळ उघडा पाना गेला की मी प्रश्न विचारत नाही, थांब म्हणून ओरडतो. कुठे थांबायचं आणि कुठे झडप घालायची हे ज्याला कळतं त्यालाच मार्गदर्शक म्हणतात. मुलाच्या हातातली पाटी काढून घेऊन आपणच अक्षर काढून देणाऱ्याला आपण शिक्षक म्हणत नाही, मग इथेच का म्हणतो?

या मतातला पैशाचा मुद्दा इथे पुरता उलटतो. बिनपगारी मार्गदर्शकाचं सगळ्यात मोठं बळ हेच, की संघ हरला तरी त्याचं काही बिघडत नाही. सोमवारी त्याला कोणी जाब विचारणार नाही, पुढच्या वर्षीचं काम हातातून जाणार नाही. म्हणून तो मुलांना त्यांच्या स्वतःच्या ओबडधोबड रोबोसकट मैदानात जाऊ देतो. ज्याचं बिल निकालावर अवलंबून आहे त्याला हे परवडत नाही. तो कितीही सज्जन असला तरी परवडत नाही.

यावर काही माहितगार लोक अमेरिकेकडे बोट दाखवतात. तिथे, ते म्हणतात, मोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर विद्यार्थ्यांबरोबर रोबो बांधतात आणि कोणाला त्यात गैर वाटत नाही. उदाहरण खरं आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. डीन केमन या संशोधकानं १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. शाळकरी मुलांनी खऱ्या इंजिनिअरच्या शेजारी उभं राहून काम करावं, खेळाडूकडे बघतात तसं त्याच्याकडे बघावं, हीच त्यामागची कल्पना होती. तिला आकार देणारे एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स. चुरशीनं खेळा, पण समोरच्या संघाला पाना कमी पडला तर आपला द्या, ही शिकवण त्यांनी या स्पर्धेत रुजवली. १९९६ पासून त्यांच्या नावानं उत्तम मार्गदर्शकाला पुरस्कार दिला जातो, आणि त्यासाठी नाव सुचवतात विद्यार्थी. तिथले इंजिनिअर मोठ्या संख्येनं स्वयंसेवक म्हणूनच येतात. तिथेही मोठ्यांचा हात किती असावा यावर जोरदार वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. त्याच संस्थेनं १९९८ पासून लहान मुलांसाठी लेगोबरोबर जी स्पर्धा सुरू केली तिची रीत स्पष्ट आहे: मोठ्यांनी वाट दाखवायची, काम मुलांनी करायचं. २००४ पासून चालणाऱ्या वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमध्ये तर स्पर्धेच्या दिवशी एक नवा नियम अचानक जाहीर करतात आणि मार्गदर्शकाला बाहेर ठेवून मुलांना तो सोडवायला लावतात. हा नियम का करावा लागला असेल? घरून तयार होऊन आलेला रोबो कोणाचा आहे, हे आयोजकांना कळेनासं झालं होतं असंच मला वाटतं.

आणि अमेरिकेपर्यंत जायचं कशाला? एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधली महाविद्यालयीन स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ साली ती पुण्यात आली तेव्हा तिचा विषय दहीहंडीवर बेतलेला होता, त्याचं नावच 'गोविंदा' होतं. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात झाली. देशपातळीवरची फेरी तर बरीच वर्षं बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत असे. त्या काळात पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये रात्री कोण असायचं? पास होऊन नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी. कामावरून थेट यायचे, धाकट्यांच्या डिझाइनवर तुटून पडायचे आणि मध्यरात्री वेल्डिंगचा धूर अंगावर घेऊन घरी जायचे. त्यांना कोणी मानधन दिलं? पुण्याच्या ऑटोमेशन उद्योगात आज जबाबदारीच्या जागांवर असलेले माझ्या ओळखीचे कितीतरी लोक त्या रात्रींमधून घडलेले आहेत.

फुकट काम करणारा बेभरवशाचा, असं महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये. पावसाळ्यात दरीत पडलेल्या पर्यटकाला वर काढायला लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र संस्थेची पोरं रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात. त्यांच्यावर विसंबायला आपल्याला चालतं, मग शाळेच्या संघासाठी शनिवारी दोन तास देणाऱ्यावरच अविश्वास का? बेभरवशाचे लोक असतात, नाही असं नाही. सव्वीस जानेवारीला फोटोपुरते येऊन पुन्हा न फिरकणारे मीही पाहिले आहेत. त्यांना दार दाखवावं. पण ती गाळणी शाळेनं लावायची आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, खोलीत शाळेचा एक शिक्षक कायम हजर, आणि वर्षभर टिकण्याचा शब्द. एवढं मागितलं की हौशे आपोआप गळतात.

यूट्यूबवर सगळं आहे, मार्गदर्शक कशाला, हा आक्षेप एका वाक्यात संपतो. व्हिडिओतला रोबो चालतो, तुमचा चालत नाही, आणि तो का चालत नाही हे व्हिडिओला विचारता येत नाही.

यापेक्षा गंभीर आक्षेप खुद्द इंजिनिअर आणि कामगार घेतात: "मला रोबोटिक्स कुठे येतं?" हा संकोच मला खरा वाटतो, पण तो चुकीचा आहे. संघाला काय लागतं? एक फिटर लागतो, जो सांगेल की थरथरणाऱ्या जागी साधा नट सैल होणार, नायलॉक लाव. व्हर्निअर कसा धरायचा हे दाखवणारा टर्नर लागतो. एक वायरमन लागतो, जो तारा ओढून बघितल्याशिवाय बॅटरी जोडू देणार नाही, आणि दोन सर्किटचं ग्राउंड एकत्र जोडलेलं नाही हे शोधायची सवय लावेल. एक हिशेबनीस लागला तरी चालतो, कारण संघ पैसे कसे उधळतो ते मी पाहिलंय. चाकणच्या शॉप फ्लोअरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला जे हातात आहे ते कोणत्याही किटच्या पुस्तिकेत छापलेलं नाही. हातानं काम करतच तंत्रज्ञान शिकता येतं, हे आपल्याकडे सिद्धही झालंय. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएच.डी. करून आले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलं, आणि १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथली शाळा सोडलेली मुलं वेल्डिंगपासून बांधकामापर्यंत हातानं काम करत शिकली. २००२ साली एमआयटीच्या मदतीनं तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, आली, तेव्हा जगात अशा प्रयोगशाळा जवळजवळ कुठेच नव्हत्या. पाबळच्या मुलांना तंत्रज्ञान पेलणार नाही असं तेव्हाही अनेकांना वाटत असणारच.

इथूनच शेवटचा आणि मला सर्वांत चीड आणणारा मुद्दा निघतो. रोबोटिक्स म्हणजे श्रीमंतांच्या शाळांचा खेळ, महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या मुलांना आधी पाढे येऊ द्या, दहावी निघू द्या. हे कोण म्हणतं? स्वतःची मुलं उन्हाळी रोबोटिक्स शिबिराला पाठवणारे लोक म्हणतात. पाढे आणि रोबो यांत भांडण कुठलं? चाकाचा व्यास आणि रोबोनं कापलेलं अंतर यांचा मेळ घालताना आमच्या मुलांनी पाय या संख्येशी जी ओळख करून घेतली ती फळ्यावरच्या गणितात होत नव्हती. मोटर किती वेगानं फिरते आणि ती चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटमध्येच जवळपास दोन व्होल्ट कसे खर्च होतात हे मोजलेल्या मुलाला ओहमचा नियम पाठ करावा लागत नाही.

आणि पैसा नाही असंही म्हणता येणार नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशननं २०१६ पासून शाळांना टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी हातानं करून पाहायच्या प्रयोगशाळेसाठी, २० लाखांपर्यंत अनुदान दिलं: १० लाख उभारणीला, १० लाख पाच वर्षांच्या खर्चाला. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी देशात अशा १०,००० लॅब झाल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पुढच्या पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली. याच मिशननं या लॅबसाठी बिनपगारी मार्गदर्शकांची योजनाही काढली, आठवड्याला एक-दोन तास द्यायचे. म्हणजे सरकारलाही कळलं होतं की खोली आणि यंत्रं पुरत नाहीत. तरीही कुलूप लावलेल्या लॅब मी पाहिल्या आहेत. थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं आवरण तसंच, सोल्डरिंग गन डब्यातून निघालेली नाही, साहित्य हरवेल म्हणून मुलांना आत सोडत नाहीत. विज्ञानाच्या शिक्षकांना दोष देऊ नका. त्यांच्याकडे तास आहेत, पेपर आहेत, निवडणुकीची कामं आहेत. त्यांना शेजारी उभं राहणारा एक माणूस हवा आहे. ट्रॉफी विकणाऱ्या कंत्राटानं तो माणूस मिळत नाही, आणि ज्या शाळेला कंत्राट परवडत नाही तिनं मग काय करायचं, याचं उत्तर या मताच्या पुरस्कर्त्यांकडे नाहीच.

संस्थाचालकांना माझं सांगणं आहे: एजन्सीकडून किट घ्यायचं असेल तर घ्या, सोल्डर करायला शिकवायला चार दिवस ट्रेनर बोलवा, त्याचे योग्य पैसे द्या. पण निकालाची बोली करू नका, आणि स्पर्धेत तुमच्या संघाच्या लॅपटॉपवर मोठ्या माणसाचे हात दिसले तर ती ट्रॉफी परत करा. पालकांनी घरी आल्यावर 'कितवा नंबर आला' या आधी 'काय बिघडलं होतं आणि कसं सापडलं' हे विचारावं. परीक्षकांनी रोबोच्या गुणांइतकेच गुण मुलाच्या वहीला द्यावेत.

आणि भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, बुटीबोरीच्या माझ्या व्यवसायबंधूंनो, भगिनींनो, तुम्ही नोकरीत असा की निवृत्त, येत्या जूनमध्ये घराजवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. तुमच्याकडे टिंकरिंग लॅब आहे का, असं विचारा. असेल तर तिची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. नसेल तर एक रिकामा वर्ग आणि दोन टेबलं मागा. आठवड्यातला एक वार ठरवून लिहून द्या, आणि जाताना तुमचा मल्टीमीटर बरोबर न्या.